दुसरा जज

शोभाबाईच्या डोक्यात सुप्रीम कोर्ट म्हणजे एक उंच खुर्ची आणि तिच्यावर बसलेला एकच म्हातारा जज. सगळ्यात मोठ्या कोर्टात सगळ्यात मोठा माणूस एकच असणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पोटची पोर अडकली नसती, तर तिला या भानगडीत पडायचं कारणच नव्हतं.

तिची लेक संध्या सरकारी शाळेत राखीव जागेवर शिक्षिका होती. तीन वर्षं नोकरी सुरळीत चालली. मग यादीत मागं राहिलेल्या कुणीतरी तक्रार केली, की बाईंचा जातीचा दाखला उदगीरचा आहे, महाराष्ट्राचा. कर्नाटकातली जागा त्याच्यावर कशी देता? खात्यानं संध्याला कमी केलं, हायकोर्टानंही तेच उचलून धरलं. आज चार वर्षं ती आईबापाकडं, कर्नाटकातल्या कमठाण्यातच होती.

दाखला उदगीरचा का, तर शोभाबाई पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी गेली होती. पोरीला आजीचा लळा लागला, ती दहावीपर्यंत तिथंच राहिली. मामाची तहसीलमध्ये ओळख होती, त्यानं दाखला काढून दिला. सकाळी एसटीत बसलं की दुपारी जेवायला पोचतो आपण, मधे राज्य बदलतं हे कुणाच्या ध्यानात येणार? घरात शोभाबाईला कुणी बोल लावला नाही. ती मात्र स्वतःला रोज बोल लावायची.

सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या दिवशी सुगतनं, संध्याच्या धाकट्या भावानं, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. संध्याच्या वडिलांनी, रामरावांनी, इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू दिल्लीहून ते दिसणार होते. पडद्यावर दोन जज होते. एकानं वाचायला सुरुवात केली आणि सुगत मराठीत सांगत गेला. बापाचं गाव तेच लेकीचं गाव. दाखला कुठल्या कचेरीचा ही कागदाची बाब. बाईंना कामावर परत घ्या.

शोभाबाईला एवढं पुरे झालं. शेजारच्या चंद्रम्माकडं जाऊन तिनं कानडीत सांगितलं, लेकीला शाळा परत मिळाली. चंद्रम्मानं तिच्या तोंडात साखर घातली. ती चघळतच शोभाबाई घरी आली. मोबाईल अजून बोलतच होता.

"आता कोण बोलायलाय?" तिनं विचारलं.

"दुसरा जज," सुगत म्हणाला. "ह्यो न्हाई म्हणायलाय."

तिला काही उमजेना. मग सुगतनं समजावलं. दोघे सारखेच, कुणी कुणाच्या वर नाही. आता फाईल मुख्य न्यायाधीशांकडं जाणार, ते तिघांना बसवणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकणार. कधी, ते वकिलालाही ठाऊक नाही. एक वर्ष, नाहीतर तीन. तोवर संध्या घरीच. प्रत्येक सभेत बोट वर करून घटनेवर बोलणारे रामराव खाली बघत राहिले. तिघं बसले की त्यातल्या दोघांचं चालतंय, एवढंच ते पुटपुटले.

संध्यानं विचारलं, दुसऱ्यानं काय लिहिलंय? सुगत टाळायला लागला. तिनं सोडलं नाही, तेव्हा त्यानं सांगितलं. मुलीचा यात दोष नाही. पण घरच्या वडीलधाऱ्यांनी बेफिकिरी केली, म्हणून नियम वाकवता येत नाही.

शोभाबाई मोबाईलजवळ सरकली. "हे माझ्यावर लिवलंय व्हय?"

सुगतनं मोबाईलचा आवाज कमी केला.

"मंग त्या तिघांपुढं मला उभी करा," ती म्हणाली. "माहेरी मी गेल्ते. पोरगी तवा जन्मली बी नव्हती."

"माय, तिथं निस्ते कागद बघत्यात," संध्या म्हणाली. "माणसाला कुणी विचारत न्हाई."

"न विचारता मला बेफिकीर कामून म्हणलं त्यानं?"

सुगतनं हात पुढं करून मोबाईल बंद केला. संध्या उठली आणि आईजवळ जाऊन बसली.