ओतिलियाचा अबोला

वेन्चो टाकोच्या गाडीवर आला तेव्हा ओतिलियाच्या तोंडात घास होता, तेच बरं झालं. तोंड रिकामं असतं तर शिवी गेली असती, आणि शिवी झाली तरी तो शब्दच. या माणसाला तिच्या तोंडून एकही शब्द मिळायचा नव्हता.

लेंटचे उपास लागायच्या सुमारास तिचा हा नवरा घर सोडून गेला. जाताना टीव्ही, मिक्सर आणि तिने हप्त्यांवर घेतलेला पंखा घेऊन गेला. तेव्हा भर रस्त्यात, अख्ख्या गल्लीसमोर त्याचं पूर्ण नाव घेऊन ती म्हणाली होती, "वेन्सेस्लाओ, आजपासून तुझा माझा अबोला. उद्या मेलास, तर मृतांच्या सणाला सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांशी गप्पा मारतील, पण तुझ्या थडग्यालासुद्धा माझ्या तोंडचा शब्द मिळणार नाही."

आता ओतिलिया म्हणजे कशी बाई, तर शाळेचे गणवेश शिवता शिवता रेडिओवर बातम्या देणाऱ्यालाही उलट उत्तर देणारी. तिचा अबोला आठवडाभर टिकला तरी खूप, असं गल्लीला वाटलं होतं. पण तिने तो पाळला. तो चाव्या मागायला आला, बोलली नाही. ताप भरलाय म्हणून त्याने निरोप धाडला, बोलली नाही. बाजारात आडवा येऊन "निदान एक शिवी तरी दे, ओती" म्हणाला, तरी मूग गिळून त्याच्या बाजूने निघून गेली. गल्लीत तिचा मान वाढला. पूर्वी तिच्या जिभेला घाबरणाऱ्या बायका आता तिला पाहून आदराने बाजूला होत. नवरा गेला, पंखा गेला, अबोला तेवढा राहिला, आणि तो ती जिवापाड जपत होती.

वेन्चोला हे सहन होणार थोडंच? बिलियर्डच्या अड्ड्यावर त्याने नासारियो गॅरेजवाल्याशी बिअरच्या क्रेटची पैज लावली, की मृतांच्या सणाआधी ओतिलिया आपणहून त्याच्याशी बोलेल. "तिला गप्प बसणं जमतंय होय? मी ओळखत नाही का तिला?" नासारियोच्या पोटात काही राहत नसे. त्याने त्याच संध्याकाळी हे ओतिलियाच्या कानावर घातलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं दुःख या माणसाने पैजेला लावलं होतं!

आणि आज तो तिच्या नाकावर टिच्चून इथे आला होता. पोर्तालेसच्या बाजारामागची ही तिची नेहमीची गाडी होती. दर शनिवारी दुपारी ती इथे यायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय एकटा नव्हता आला. जिच्यासाठी घर सोडलं, त्या औषधाच्या दुकानातल्या यादिराला घेऊन आला होता.

"प्रोवेचो," गर्दीत शिरताना यादिरा हळूच म्हणाली. खाणारा दिसला की ओळख असो नसो, 'प्रोवेचो' म्हणायचं, खाल्लेलं अंगी लागो म्हणायचं. येताना म्हणायचं, जाताना म्हणायचं. घास चावता चावता सगळ्यांनी "ग्रासियास" म्हणून आभार मानले. ओतिलियाने मानले नाहीत.

"काय देऊ, गोरे?" गाडीवाल्या फिदेन्सियोने यादिराला विचारलं. फिदेन्सियोला सगळे उस्ताद म्हणत आणि उस्ताद येईल त्या बाईला 'गोरे' म्हणे, मग तिचा रंग कुठलाही असो. तरी ओतिलियाला ते लागलं. पुढे फुगीर तव्याच्या कडेला चरबीत मांस रटरटत होतं आणि उस्तादचं सगळं लक्ष तिकडेच लागलं होतं, निदान तो तसं दाखवत होता.

वेन्चोने यादिराला तोंड उघडू दिलं नाही. "हिला सुआदेरोचं मांस द्या उस्ताद, चांगलं खरपूस करून. कांदा नको. हिरवा साल्सा खाली आणि लाल वर."

ओतिलियाचं चावणं थांबलं. खरपूस, बिनकांद्याचा, हिरवा खाली, लाल वर, हा तिचा टाको होता. लग्नानंतर पहिल्यांदा इथे आली तेव्हापासून ती असाच खात आली होती. मेल्याने पंखा नेला तो नेला, आता तिचं खाणंही नेऊन त्या बाईच्या ताटलीत वाढत होता.

"मला कांदा आवडतो, वेन्चो," यादिरा म्हणाली.

"अगं, हा असाच खायचा असतो. तुला काय कळतंय!"

तो मुद्दाम ओतिलियाच्या शेजारी घुसला. प्लास्टिकची पिशवी चढवलेली ताटली हातात घेऊन त्याने कोपर असं पसरलं, की ते थेट तिच्या ताटलीवर आलं.

"उस्ताद," ओतिलिया म्हणाली, "कुणाचं तरी कोपर माझ्या जेवणात आलंय. सांगा त्या कुणाला तरी, की हे कोपर भाजून देत असाल तर मी खाईन, नाहीतर उचल म्हणावं."

पलीकडे नासारियो उभा होता. हसताना त्याला ठसका लागला. "हे मोजायचं नाही हं वेन्चो," तो म्हणाला, "हे ती उस्तादशी बोलली."

"मला कुठे घाई आहे?" वेन्चो म्हणाला. मग आवाज चढवून उस्तादला म्हणाला, "हिच्या टाकोवर हाडातली मज्जा घाला थोडी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, अंगात ताकद हवी. इंजेक्शनं चालू आहेत ना."

यादिराने मान खाली घातली. बाही जरा वर सरकली होती, तिथे दंडावर सुयांचे जुने पिवळे आणि नवे निळे डाग दिसत होते. तिने ती बाही खाली ओढली.

इंजेक्शनांची गोष्ट ओतिलियाला नवी नव्हती. नासारियोकडून तिला सगळं कळत होतं. यादिरा चाळिशीला टेकली होती आणि तिला मूल हवं होतं. दवाखाने चालले होते, ग्वादालुपे मातेच्या देवळात मेणबत्त्या चालल्या होत्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओतिलिया शिवणयंत्रावर बसून एकटीच हसली होती. टोचून घे, म्हणाली होती मनात, घे टोचून हवं तेवढं. कारण यादिराला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं.

लग्नाला काही वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून ती आणि वेन्चो मोठ्या इस्पितळात गेले होते. डॉक्टरने दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की दोष नवऱ्यात आहे आणि त्याला इलाज नाही. परत येताना बसमध्ये वेन्चो हमसून हमसून रडला. आईला सांगू नकोस, म्हणाला, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ओतिलियाने घरी जाऊन सासूला सांगितलं, की दोष माझ्यात आहे. सासू मरेपर्यंत तिला वांझ खेचर म्हणत राहिली. नात्यातल्या बाप्तिस्म्यांना कुणी तिच्या हातात बाळ दिलं नाही. तेही तिने गिळलं, कारण तेव्हा तिचं या माणसावर प्रेम होतं.

"या खेपेला होणारच," वेन्चो लिंबू पिळत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बियाणं खणखणीत आहे. इतकी वर्षं जमीनच नापीक होती, त्याला कोण काय करणार?"

उस्तादने सुरी लाकडावर नुसतीच दोनदा आपटली. सगळ्यांनी ओतिलियाकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

ओतिलियाचे कान तापले, मूठ टाकोवर आवळली. लाल साल्सा मनगटावरून ओघळला तरी तिला कळलं नाही. ही बोलायची वेळ होती, पण तो नेमका त्यासाठीच तर टपून बसला होता! त्याचा डोळा तिच्या तोंडावर होता, मांजराचा बिळावर असतो तसा. नाही. बोलायचं नाही. तिने उरलेला टाको तोंडात कोंबला आणि दात-ओठ खात चावत राहिली. मग सावकाश बोटं पुसली, कागद डब्यात टाकला, उस्तादचा हिशेब केला, पिशवी खांद्याला लावली. वेन्चोचा चेहरा पडत चालला होता. जिंकले, तिला वाटलं. बस बोंबलत तुझ्या क्रेटसाठी.

ती वळली. आणि जन्मभर या गाडीवरून निघताना तोंडातून जे आपोआप निघत आलं होतं, तेच निघालं.

"प्रोवेचो."

"ग्रासियास," सगळे म्हणाले.

"ग्रासियास, ओती!" वेन्चो ओरडला. त्याने ताटली आपटली आणि हात वर केले. "बोलली! ऐकलंत ना? नासारियो, क्रेट काढ!"

"हे नाही चालणार," नासारियो म्हणाला. "ते सगळ्यांना असतं."

"मी सगळ्यांत नाही का? मी खात होतो ना? तोंडात घास होता माझ्या! उस्ताद, तुम्ही सांगा."

"माणसाला नसतं ते, भाऊ, अन्नाला असतं," उस्ताद पुटपुटला. पण कोपऱ्यावरचा एक जण फिस्सकन हसला, मग दुसरा हसला, आणि वेन्चो तर पोट धरून हसत होता. "अंगी लागो म्हणाली मला! जीव आहे हो अजून माझ्यावर!"

ओतिलिया फुटपाथवर उभी होती. इतके महिने जपलेला अबोला एका फालतू सवयीपायी गेला होता. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. मग तिच्या लक्षात आलं, की आता सांभाळायला काही उरलेलंच नाही. ती मागे फिरली. लोकांनी आपसूक वाट दिली.

"हो, बोलले," ती म्हणाली. "आता बोललेच आहे तर पोटभर घे. चोरा! माझा पंखा नेलास, माझा टाको नेलास, वर चारचौघांत मला नापीक म्हणतोस? तुझी आई मला खेचर म्हणायची तेव्हा तू शेजारी बसून सूप ओरपायचास. एकदा तरी तिला म्हणालास का, की आई पुरे?"

वेन्चोचं हसू मावळलं. पुढे काय येणार ते त्याला कळलं. "ओती," तो घाईघाईने म्हणाला, "बरं, राहिलं. गप्प बस आता."

"आता गप्प? क्रेट जिंकलास की! ऐकून घे." पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. यादिराकडे वळली होती. "माझ्यात काही खोट नव्हती, यादिरा. खोट याच्यात आहे. डॉक्टरने आम्हाला दोघांना बसवून सांगितलं होतं, इलाज नाही म्हणून. याने बसमध्ये माझे पाय धरले, म्हणून दोष मी अंगावर घेतला. तू इंजेक्शनांनी शरीराची चाळण करून घेतलीस तरी काही व्हायचं नाही. विचार याला."

यादिरा त्याच्याकडे वळली. "वेन्चो?"

ज्याचं तोंड कधी बंद नसे, तो वेन्चो हातातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत राहिला. तिच्यात थेंबही उरला नव्हता, तरी तो ती पिळत होता.

"वेन्चो, डॉक्टरीणबाई तुलाही तपासायचं म्हणत होत्या. तू म्हणालास, मला गरज नाही."

नासारियोसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. ओतिलियाच्या छातीवरचा कित्येक वर्षांचा दगड हलला होता. तिला वाटलं, आता ही बाई ती ताटली त्याच्या तोंडावर मारील. मारावी, अशी तिची फार इच्छा होती.

यादिराने ताटली गाडीच्या कडेवर नीट ठेवली. तिचा रंग उडाला होता, पण आवाज कापत नव्हता.

"ओतिलियाताई, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मीच द्यायचे. गोळ्या संपल्या आणि तुम्ही आला नाहीत, तर घरी आणून द्यायचे. मी तुमचा नवरा नेला, मान्य आहे. त्याबद्दल मला रस्त्यात झोडपलं असतंत तरी मी ऐकून घेतलं असतं." तिने बाही वर केली. दंड सगळ्यांना दिसला, पण तिला फक्त ओतिलियाला दाखवायचा होता. "ही टोचणं चालू आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

ओतिलियाने खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"ठाऊक होतं," यादिरा म्हणाली. "अबोला त्याच्याशी होता ना? मग माझ्याशी का बोलला नाहीत?"

आणि ती उत्तरासाठी थांबून राहिली.