तीन सैल तारा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पोटावर चहाचा एक गोल डाग आहे, बाकी तब्येत ठणठणीत. एका सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं, पण माझा तोरा मोठा. सुरात राहण्याबद्दल तर मी फारच काटेकोर होते.

मला घरी आणलं एका बाइंडरने. दिवसभर तो पुस्तकं शिवायचा, दोरा करकचून ओढायचा आणि संध्याकाळी हाताची खळ धुऊन मला मांडीवर घ्यायचा. त्याची मुलगी शेजारी बसून ऐकायची. तिला सगळे टिल्ली म्हणत. आज ती बापापेक्षा दोन बोटं उंच आहे, तरी नाव टिल्लीच.

एके दिवशी पुठ्ठा कापायच्या मशीनमध्ये त्याचा डावा हात सापडला. बोटं वाचली, पण नीट वाकेनात. अंगठ्याजवळचं बोट तर कायमचं सरळ राहिलं. दुकान त्याने कसंबसं सांभाळलं, मला मात्र कपाटावर ठेवून दिलं. दोन वर्षं मी धूळ खाल्ली. तो वर बघायचासुद्धा नाही. मला फार वाईट वाटायचं.

टिल्लीला ते बघवेना. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडून ती एक युक्ती शिकून आली. पहिली, पाचवी आणि सहावी तार थोडी सैल सोडायची. मग काहीही न दाबता सहाही तारा मिळून गोड वाजतात, आणि पुढच्या कॉर्डसाठी, म्हणजे सुरांच्या पुढच्या जुळणीसाठी, एकच बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवलं की पुरतं. तिने मला खाली उतरवून खुंट्या फिरवल्या, तेव्हा मी मनातून चिडले. चांगली सुरात होते, ही पोर मला बिघडवतेय, असं वाटलं.

रोज संध्याकाळी, बाबा दुकानातून यायच्या आत, ती सराव करून मला कोपऱ्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वाजवू लागली की सगळं बेसूर. आपल्यालाच जमत नाही, असं वाटून ती रडकुंडीला यायची. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. दुकानात निघताना बाइंडर माझ्यापाशी थांबायचा आणि त्या तीन तारा पुन्हा घट्ट करायचा. दोन वर्षांनी त्याचा हात मला लागत होता.

आठव्या दिवशी पहिली तार तटकन तुटली. टिल्ली धावत आली. खुंटी बाबांच्याच हातात होती.

"बाबा, रोज तुम्ही घट्ट करत होता?"

तो ओशाळला. "सैल दोरा दिसला की हात जातोच गं माझा. मला वाटलं, बिघडलीय."

टिल्लीने नवी तार त्याच्यापुढे धरली. "हे मी तुमच्यासाठी शिकतेय. आता सैल तुम्हीच करा."

त्याने तार लावली, तिघींना सैल सोडलं आणि ते न वाकणारं बोट पाचव्या पडद्यावर आडवं ठेवलं. ते सहाही तारांवर नेमकं मावलं. पहिल्यांदा मी खरखरले, दुसऱ्यांदा स्वच्छ वाजले. त्याचे डोळे भरून आले. माझा तोरा तिथेच उतरला.

जुनी गाणी त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. अजूनही बोट सवयीने जुन्या जागी जातं आणि टिल्ली हसते.

म्हणून सांगते, कुणाला पूर्वीसारखं जमेनासं झालं तर त्याची आवडती वस्तू कपाटावर टाकू नका. धूळ पुसा, तारा बदला, दुसरी रीत शोधा. आणि कधी आमच्या घरी आलात, तर माझ्या तीन तारा सैल दिसतील. कृपा करून त्या घट्ट करू नका.