अख्खी तूर की डाळ?

मी एक जुना डिरेलर आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो! रेसच्या सायकलला पायडलपाशी दोन दातेरी चकत्या असतात, चढासाठी लहान आणि सपाटीसाठी मोठी. चेनला एकीवरून दुसरीवर ढकलणारा तो पुढचा पिंजरा म्हणजे मी. दोन पट्ट्या, एक स्प्रिंग, दोन बारीक स्क्रू. एवढासा जीव, पण ऐट पाहाल तर!

कारखान्यातून निघालो तो बडनेऱ्याच्या एका रेल्वे गार्डच्या सायकलवर बसलो. पाच वर्षं रोज अमरावतीला जाऊन येऊन केलं. पुढे ती सायकल मोडीत निघाली आणि मी वच्छलामावशींच्या सायकल दुकानात पत्र्याच्या डब्यात पडलो. वर गंजके नट, खाली जुने ब्रेक. कुणी विचारत नव्हतं. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

आणि एका शनिवारी सकाळी मोर्शीची गीतांजली पहिल्या एसटीनं आली ती धावतच दुकानात शिरली. तिच्या सायकलचा डिरेलर तुटला होता. दुसऱ्या दिवशी अकोल्यात रेस होती आणि पहिल्या तिघींत आली तरच तिला संघात जागा मिळणार होती.

"मावशी, जुना असन तरी चालते, पण आजच पायजे!"

मावशींनी डबा उपडा करून मला उचललं. "हा घे. मी लग्नाले पातूरले चालली, तूच लाव. याची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांवर एका तुरीएवढी वर ठेवजो. चकतीच्या सरळ रेषेत. मंग ह्या दोन स्क्रूनं चेनीले आत-बाहेर हद्द घालून दे."

दुपारी मोर्शीला घरच्या अंगणात गीतांजलीच्या वडिलांनी, नत्थुजींनी, सायकल धरली. तिनं पोत्यातला तुरीचा एक दाणा आणला, दाता आणि पट्टी यांच्यामध्ये धरला आणि मला घट्ट आवळलं. वायर ताणली, स्क्रू फिरवले. मी तर हरखूनच गेलो होतो! पण रस्त्यावर तिनं गियर टाकला, मी जोर लावला, आणि चेन मोठ्या चकतीवर चढायच्या ऐवजी खळ्ळकन खाली. एकदा नाही, तीनदा!

"बाबा, हाच खराब हाय," असं म्हणत तिनं पाना उचलला. पुन्हा तो डबा! पण काढण्याआधी तिनं मावशींना फोन लावला.

"कितीक वर ठेवला?" पलीकडून बँडच्या आवाजात मावशी ओरडल्या.

"तुमी म्हनल्या तसा. तुरीएवढा."

"कोनती तूर वं?"

"पोत्यातली."

"अवं बाई, अख्खी कावून? मी डाळ म्हनलं!"

नत्थुजी पोट धरून हसले. "मावशी दुकानातून आनते, तिची तूर म्हनजे डाळ. आपली शेतातली, तूर म्हनजे तूर!"

गीतांजलीनं वायर ढिली केली, डाळीचा दाणा आडवा धरून मला तेवढ्याच अंतरावर खाली सरकवलं आणि वायर पुन्हा ताणली. गियर टाकला. खट्! चेन वर! ती अंगणात नाचली हो! जमलं असतं तर मीही नाचलो असतो.

रविवारी अकोल्याच्या रेसमध्ये शेवटचा चढ संपला, तेव्हा गीतांजली चौथी होती. पुढे सपाट रस्ता. तिनं बोटानं गियर दाबला. इतक्या वर्षांचं सगळं बळ एकवटून मी चेनला ढकललं. खट्! मोठी चकती लागली, सायकल सुसाट सुटली आणि शेवटच्या वळणावर पुढची पोरगी मागे पडली. तिसरी! माझी गीतांजली तिसरी आली!

मित्रांनो, आता दर रविवारी ती माझी धूळ पुसते, तेलाचा थेंब देते, वायर तपासते. तुमच्याही घरी कुणी माझ्यासारखा नीट चालत नसेल, तर त्याला खराब म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा. तो बिचारा खराब नसतो, कुणीतरी त्याला अख्खी तूर लावलेली असते.