मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे

दुर्गेश्वरीच्या हाताला वाईट शिवता येत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

कुडव्यात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. लग्नसराईत दारासमोर स्कूट्यांची अशी रांग लागते की शेजारचा किराणावाला चिडतो. वीस वर्षांत एक ब्लाऊज परत आला नाही. आणि अशा बाईला हेमेंद्रने काम काय द्यावं, तर फाटक्या-मळक्या कपड्यांचं! हेमेंद्र जवळच्याच आमगावचा. सिनेमा शिकून आला होता आणि आता आपल्याच भागात धान रोवणाऱ्या बायांवर सिनेमा काढत होता. गाव खरं, शेत खरं, बाया खऱ्या. "ताई, कपडे आणि हातातलं सामान, सगळं तुमच्याकडे," तो म्हणाला होता. "शेवटी पडद्यावर नाव येईल. वेशभूषा, दुर्गेश्वरी."

ती लगेच हो म्हणाली ती त्या नावासाठी, खोटं कशाला बोला.

तिचे वडील भोजराज म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांना कपडे पुरवणारे ड्रेपरीवाले. पार इटियाडोहपर्यंत त्यांची मुकुट-कपड्यांची पेटी जायची. राजाचा कोट, राणीचा शालू, सेनापतीचा कंबरपट्टा. त्यावरची टिकली न टिकली दुर्गेश्वरीने शिवलेली, वयाच्या नवव्या वर्षापासून. हँडबिलावर मात्र छापून यायचं, 'ड्रेपरी : भोजराज'. एकदा तिने एका हँडबिलाच्या कोपऱ्यात बॉलपेनने हळूच स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि कोणी बघायच्या आत घडी करून टाकलं होतं. ते हँडबिल अजून तिच्या शिलाईच्या डब्यात आहे.

तर तिने नमुना म्हणून दोन साड्या चहाच्या पाण्यात बुडवल्या, जागोजागी फाडल्या आणि ठिगळं लावली. भोजराजही गप्प बसले नाहीत. आता ते लेकीकडेच राहत होते आणि चार वर्षांत त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याचा विळा कापला, त्याला चांदीचा कागद चिकटवला.

"बाबूजी, शेतात खरा विळा राहते ना!"

"खरा विळा काळा राहते. मागच्या रांगेतून दिसलं पाह्यजे," भोजराज म्हणाले. चाळीस वर्षं त्यांचा हा एकच नियम होता.

गुरुवारी हेमेंद्र आला. त्याने विळा हातात घेतला आणि ठेवून दिला. साडी उलगडली, ठिगळावरून बोट फिरवलं. चारही कोपरे काटकोनात, टाका बारीक, दोरा रंगाला रंग मिळवून.

"ताई, हे ठिगळ आहे का नक्षी?"

तिचे कान तापले. हेमेंद्रचा सूर मऊ होता, पण गोष्ट कडक होती. मंगळवारी शूटिंग सुरू. सोमवारी दुपारी चारपर्यंत कपडे मनासारखे झाले नाहीत, तर नागपूरच्या एका बाईंना बोलवावं लागेल. म्हणजे नावही त्यांचंच.

शुक्रवारी सकाळी दुर्गेश्वरीने हेमेंद्रने सिनेमासाठी आणलेल्या बारा कोऱ्या साड्या घेतल्या, स्कूटीला बांधल्या आणि आमगावच्या पुढचं, शूटिंगचं गाव गाठलं. मला जुनं करता येत नाही ना? मग जुनंच घेऊन येते! गावात उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता. सिनेमात दिसणार होती तीच बारा बायांची टोळी, आणि टोळीची पुढारीण शामकला. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की धानाच्या दोन बांध्या पलीकडचा बैल मान वर करील.

"तुमच्या अंगावरची जुनी साडी मले द्या, त्याच्या बदली ही कोरी घ्या," दुर्गेश्वरी म्हणाली. "साडीवरून घालता तो नवऱ्याचा शर्टही द्या."

शामकलाने साडीचा काठ चाचपला, मग तिच्याकडे नीट पाहिलं. "टेलरबाई, तुमचं डोस्कं ठिकाणावर आहे ना? बरं, रविवारी या. बाराच्या बारा देतो."

रविवारी दुर्गेश्वरी शीळ घालतच गेली म्हणा ना. शामकलाच्या ओसरीवर बाराही साड्या हारीने मांडून ठेवल्या होत्या. आणि पाहते तर काय! साड्या धुतल्या होत्या. निळीत काढल्या होत्या. भाताच्या पेजेची खळ दिली होती, आणि सरपंचाच्या घरची इस्त्री मागून आणून कडक घड्या घातल्या होत्या. एवढ्यावर भागलं असतं तर! जिथे जिथे फाटलं होतं तिथे रुख्मिणी नावाच्या बाईने बसून नीट रफू केलं होतं. शर्टांना तुटलेली बटणंसुद्धा लावली होती. परक्याच्या हातात आपला कपडा द्यायचा तर तो मळका कसा द्यायचा? त्या गावात तसं कोणी करत नाही. मागून आणलेलं पातेलंही तिथे रिकामं परत जात नाही.

दुर्गेश्वरी ओसरीच्या कडेला बसली आणि तिला रडूच फुटलं.

"माय वं! काऊन रडून राहिल्या, बाई?" शामकला घाबरली. "नीळ जास्त झाली का?"

मग दुर्गेश्वरीने सगळं सांगितलं. नागपूरच्या बाई, सोमवारचे चार, पडद्यावरचं नाव, अगदी शिलाईच्या डब्यातलं हँडबिलसुद्धा. बाया ऐकत राहिल्या. रुख्मिणी आपल्या रफूकडे अपराध्यासारखी बघत होती. आणि शामकला अचानक हसायला लागली. मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"मळवाचं आहे व्हय? मंग एवढी रडारड कायले? मळवाचं काम तं आमी रोज करतो, बाप्पा! उद्या ह्या मालकाची शेवटची बांधी आहे. हेच नेसून उतरतो." मग तिने बोट रोखलं. "पण तुमी बी उतराचं. धुऱ्यावर उभं राहून समजत नाई."

सोमवारी आठ वाजता दुर्गेश्वरी गुडघाभर गार चिखलात उभी होती. तासाभरात कंबर मोडली, दोन तासांत अक्कल आली. तिला वाटलं होतं, चिखल सगळीकडे लागतो. छे! साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, म्हणून मळते ती खोचलेली कड. आणि उजव्या हाताने परे, म्हणजे धानाची रोपं, रोवून रोवून बाई हात पुसते कुठे, तर उजव्या कमरेवर. तिथेच डाग, दर वेळी तिथेच. शर्टाची कॉलर मागून उभी केलेली, ऊन लागू नये म्हणून. पिना बांगडीत अडकवलेल्या. तंबाखूची पुडी डाव्या कमरेला, कारण उजवी ओली. रुख्मिणीचं रफू तर अकरा वाजताच उसवलं आणि साडी जुन्या जागी, जुन्याच रीतीने फाटली. दुर्गेश्वरीला एवढा आनंद झाला की ती मोठ्याने ओरडली, "फाटली गं फाटली!" अख्खी टोळी हसली.

चार वाजता हेमेंद्र धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभा राहिला. पांढरा कुर्ता, हातात फाईल. नेमकी त्याच वेळी रोपांची शेवटची पेंडी रोवून झाली होती. आता त्या भागातली रीत अशी, की रोवणा संपला की बायांनी मालकाला चिखल लावायचा आणि गोडधोड वसूल करायचं. शेताचा खरा मालक हुशार, तो दुपारीच पसार झाला होता.

"मालक आला गं!" शामकला गरजली.

"अहो, मी मालक नाही..."

"सिनेमाचा तं आहे ना!"

पाच मिनिटांत कुर्त्याचा रंग ओळखू येईना. हेमेंद्रने जिलेबी कबूल केली तेव्हा कुठे त्याला सोडलं. त्याने डोळ्यांवरचा चिखल पुसला, फाईल झटकली.

"ताई, चार वाजले. कपडे कुठे आहेत?"

"अंगावर," दुर्गेश्वरी म्हणाली.

तो रांगेपुढून चालू लागला. एकेका बाईपुढे थांबला. खोचलेली कड, कमरेवरचा डाग, बांगडीतल्या पिना, सगळं पाहत गेला. मग टोळीच्या शेवटी उभ्या असलेल्या, तशाच मळलेल्या दुर्गेश्वरीपाशी आला. "उद्या हेच," तो म्हणाला. "कोणी काही धुवायचं नाही!"

"धुवाचं नाई?" बारा जणी एकदम कडाडल्या. हे मात्र त्यांना जड गेलं. शेवटी दुर्गेश्वरीने सगळ्यांना कोऱ्या साड्या नेसवल्या, जुन्या वाळवून भोजराजांच्या मुकुटाच्या पेटीत भरल्या आणि किल्ली कमरेला खोचली. न जाणो, रुख्मिणीचा काही भरवसा नव्हता.

मंगळवारी पलीकडच्या शेतातलं शूटिंग पाहायला भोजराजही आले. हेमेंद्रने त्यांना मॉनिटरसमोर खुर्ची दिली. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.

"कपडे कुठी आहेत? ह्या तं आपल्या बायाच दिसून राहिल्या."

"तेच तं केलं, बाबूजी."

भोजराज खुर्चीतच वळले. त्यांनी लेकीचा हात धरला, नखांत अजून काळा चिखल होता, आणि त्यावर हळूच थोपटलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिचं काम असं कधी नावाजलं नव्हतं. दुर्गेश्वरीचं मन भरून आलं. मग हेमेंद्रने लॅपटॉपवर एक काळी पाटी उघडून दाखवली. मधोमध बारीक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वेशभूषा : दुर्गेश्वरी'.

भोजराज खुर्चीतून उठले आणि मागे सरकत गेले. दहा पावलं, पंधरा पावलं, थेट साड्या आणलेल्या पेटीपर्यंत. तिथून डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

"कपडे नाई दिसले तं चालते," ते तिथूनच ओरडले. "पण माह्या पोरीचं नाव मोठं करा जी! मागच्या रांगेतून दिसलं पाह्यजे!"