पेंढ्यातही मीच होतो

मी ईथीन, म्हणजेच एथिलीन वायू, बोलतो आहे. अल्कीन कुळातला सर्वांत लहान. परंतु लहान म्हणून कोणी दटावावे, हे मी चालवून घेणार नाही. महाडच्या बाजारात माझे नाव नाक मुरडून घेतले जाते. आज मी माझी बाजू मांडणार आहे, आणि मांडताना आवाज खाली ठेवणार नाही.

प्रथम माझी घडण. दोन कार्बन, चार हायड्रोजन. सहाही अणू एकाच प्रतलात, टेबलावर ठेवलेल्या पत्त्यासारखे सपाट. दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध आहे. त्यातला सिग्मा बंध भक्कम. पाय (π) बंध मात्र प्रतलाच्या वर आणि खाली ढगासारखा पसरलेला व तुलनेने दुबळा. शास्त्र मला ‘असंपृक्त’ म्हणते. कित्येकांना त्यात उणेपणा दिसतो. मला दिसत नाही. माझ्यापाशी आणखी कोणाला सामावून घेण्याची जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्रोमीन दारात आला की मी पाय बंध मोडतो आणि त्याला घरात घेतो. तांबूस द्रावण पाहता पाहता रंगहीन होते. पाणी सामावून घेतले की मी अल्कोहोल होतो. खाद्यतेलांच्या रेणूंतही असेच दुहेरी बंध असतात. निकेलच्या सान्निध्यात ते हायड्रोजन स्वीकारतात आणि पातळ तेलाचे वनस्पती तूप होते. ते तुम्ही चवीने खाता, तेव्हा कोणी तक्रार करीत नाही.

असंख्य सोबत्यांना साखळीत गुंफले की मी पॉलिथीन होतो. सावित्रीकाठच्या झुडपांवर लोंबणाऱ्या पिशव्या दाखवून मला दोष देतात. पिशवी तुम्ही केलीत, नदीत तुम्ही फेकलीत. त्या आरोपापुढे मी मान खाली घालणार नाही.

आता मुख्य गोष्ट. लतीफ हा महाडचा फळांचा व्यापारी. आखातातली नोकरी सोडून परतला, तेव्हा बाजारात कार्बाइडच्या पुड्या टाकून आंबे पिकवले जात होते. त्या पुड्यांतून निघतो तो ॲसिटिलीन, तिहेरी बंधाचा. त्याच्याबरोबर विषारी अशुद्ध द्रव्येही येतात. लतीफने ते केले नाही. त्याने बिरवाडीच्या वाटेवर फळे पिकवण्याची बंद खोली बांधली. तिथल्या लहानशा यंत्रात, तापलेल्या उत्प्रेरकावर, अल्कोहोलच्या रेणूतून पाणी निघून गेले आणि माझा जन्म झाला; मी भोवती दाटलो की फळ पिकते.

पण ‘गॅस’ हा शब्द ऐकताच लोक बिथरले. खोलीत लतीफची स्वतःची केळी तेवढी पिकत. पोलादपूरकडच्या एखाद्या मानाच्या घराने आंबे दिले असते, तर बाकीचे मागोमाग आले असते. नाहीतर खोलीला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून तो अशाच एका मानाच्या घरी, कापडे गावात भागोजींकडे गेला. त्यांच्या लेकीचे, रेश्माचे लग्न तोंडावर आले होते, आणि घरच्या झाडाच्या आंब्यांचा रस वाढण्याचा शब्द त्यांच्या आईने, ठकूबाईंनी, व्याह्यांना दिला होता.

“आजी, आंबे माझ्या खोलीत द्या. सगळे एकसारखे पिकतील,” लतीफ म्हणाला.

“तुजा ग्यास माज्या नातीच्या लग्नात? नाय रे बाबा! मी आढी घातलीय.”

भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून आंबे पिकवायचे, ती आढी. ठकूबाईंच्या आढीचे खोऱ्यात नाव होते. परंतु या खेपेस वळवाच्या धास्तीने फळे लवकर उतरवली होती, आणि पडवीत वारा मोकाट होता. फळांनी सोडलेला मी पेंढ्यात साठण्याआधीच उडून जाई. होय, फळ मला स्वतःच निर्माण करते! पेंढा मला केवळ अडवून धरतो. ठकूबाई आयुष्यभर माझ्याकडूनच काम करून घेत आल्या आणि मलाच दाराबाहेर उभे करीत होत्या.

आंबे हिरवेच राहिले. रेश्माने टोमणा मारला, “आजी, सासरी काय सांगू? आमच्याकडे कैरीचा रस काढतात?”

“गप बस गो!” म्हणत ठकूबाईंनी भागोजींना हाक मारली. “लतीफकडनं पिकली केळी आन. आढीत ठेवते नि वरनं गोनपाट घालते. मंग बगते कसं पिकत नाय ते.”

केळी घेऊन लतीफ स्वतः आला. ती माझ्याच खोलीत पिकलेली. आता ती मला भरभरून सोडत होती. गोणपाटाखाली मी आंब्यांभोवती दाटलो. लग्नाच्या आदल्या दिवशी पेंढा दूर केला, तेव्हा आढी पिवळीधमक होती.

लतीफने तेव्हाच सांगून टाकले. “आजी, माझ्या यंत्रातून निघतो तोच वायू या केळ्यांतून निघाला. त्यानंच तुमचे आंबे पिकले.”

ठकूबाईंनी पेंढा चाचपला. “सोयऱ्यांपुडं बोलू नको.”

“नाय बोलणार. पण तुमी गप, मी गप, मग माझ्या खोलीला लोक विष म्हणतात, ते खोटं कोण पाडणार?”

त्या पिवळे आंबे वेचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. वराचे मामा प्रवीण यांनी वाटी नाकाशी नेली. “आजी, गॅसचे नाहीत ना? आम्हाला ते चालत नाहीत.”

सगळी पंगत ऐकत होती. ठकूबाई रसाचे पातेले घेऊन तिथेच थांबल्या.

“आढीतलं हायत. पन हटून बसलं व्हतं. लतीफची केळी घातली तवा पिकलं. केळ्यात त्योच ग्यास, आंब्यात त्योच, त्याच्या खोलीतबी त्योच. मी जल्मभर खाल्लाय नि ही हितं उभी हाय. तुमाला नको तर वाटी उपडी घाला.”

कोणीतरी फिस्सकन हसले. प्रवीणमामांनी एकदा वाटीकडे पाहिले, एकदा ठकूबाईंकडे. मग रस संपवला, वाटी पुरीने पुसून घेतली आणि पुढे केली.

“वाढा अजून.”

हात धुण्याच्या जागी ठकूबाईंनी लतीफला गाठले. “झाडावरचं उरलेलं आंबं उद्या घिऊन जा तुज्या खोलीत. पन एक जरी नासला, तर तुला सोडनार नाय.”

ती अट मलाही मान्य आहे. आज त्याच आंब्यांच्या क्रेटमधून मी हे बोलतो आहे. खोलीचे दार नुकतेच लागले आहे. फळ नासले तर मला खुशाल जाब विचारा. मात्र चव घेण्याआधी, नुसत्या नावावरून मला हाकलू पाहाल, तर एवढे ऐकून ठेवा: मी जाणार नाही.