मेलेलेही दाखवणारं मशीन

दक्षिण आफ्रिकेतल्या लुसिकिसिकीच्या दवाखान्यात क्षयाची तपासणी मी करते. थुंकी घातली की मशीन त्यातली जंतूंची जनुकं शोधतं आणि दोन तासांत निकाल देतं. पण जंतू जिवंत की मेलेला, एवढं साधं त्या दगडाला कळत नाही.

म्बुयिसेलोबाबा खाणीतले जुने कामगार. गेल्या वर्षी औषधं पुरी करून बरे झाले होते. परत खोकला लागला म्हणून आले, तर मशीन म्हणालं, क्षय आहे. माझा विश्वास बसेना. जंतू वाढवून बघायला मी थुंकी शहरात पाठवली. तिथे काहीच वाढलं नाही.

"सुटलात बाबा. छातीत नुसते मेलेले जंतू आहेत. खोकला साधा आहे."

बाबा उठेनात. "मला हे माझ्या बायकोकडूनच आलं ना?"

"हो. मावशी त्यातच गेल्या."

"रिवाजाप्रमाणे तिचे कपडे वाटून टाकले. घरात तिचं काही उरलं नाही." त्यांनी छातीवर हात ठेवला. "हे कधी जाणार?"

"जातील हळूहळू."

"घाई नाही, पोरी. मी दर महिन्याला थुंकी आणून देईन. ती अजून आहे का, तेवढं बघत जा."