हसमुखभाईंची डाय

सुदर्शनला एखादी गोष्ट पटली की ती साऱ्या गावाला पटवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात पालघरला सोशल मीडियावरून धंदा वाढवण्याचं एक दिवसाचं शिबिर झालं. तिथून तो वाढवणला परतला तो अंगात वारं शिरल्यासारखा. "काका, आता जो दिखता है वो बिकता है," असं त्याने ताटावर बसता बसताच चुलत्याला सांगितलं. वासुदेवकाका म्हणाले, "बरं. आधी भात घे."

काका डाय करायचे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची. तिच्यावर सोन्याचा पत्रा दाबला की सुलट दागिना उठतो. पडवीच्या खिडकीपाशी बसून काकांनी चाळीस वर्षं हेच केलं. सुदर्शन बोईसरची कंपनीतली नोकरी सोडून अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याचा हात बरा होता, पण काकांचा नव्हे, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

या कामाचा एकच नियम. एका सराफासाठी कोरलेली डाय दुसऱ्याच्या दृष्टीस पडू द्यायची नाही. त्यासाठी कागद नाही, सही नाही. कारागिराने तोंडाने सांगितलं की झालं. काका तर नवीन डायची चाचणी म्हणून शिशाच्या पत्र्यावर उठवलेला तुकडासुद्धा डब्यात कुलपात ठेवायचे.

सुदर्शनने पेज काढलं. काकांचे हात, छिन्न्यांची रांग, भिंगाचा चष्मा, असे फोटो रोज टाकू लागला. सराफांच्या आणि कारागिरांच्या ग्रुपांत घुसला, कोल्हापूरपासून कोलकात्यापर्यंत लोकांना 'सर, नमस्कार' करत सुटला. दोन महिन्यांत चार नवी कामं आली. काकू, म्हणजे नयनाकाकू, शेजारणींना सांगू लागल्या की आमचा सुदर्शन फोनवर दुकान चालवतो.

श्रावणात डहाणूच्या हसमुखभाईंची डाय पुरी झाली. त्यांच्या पेढीला पन्नास वर्षं व्हायची होती आणि धनत्रयोदशीला त्यांना चिकूच्या फुलापानांचं पेंडंट काढायचं होतं. आकृती त्यांनी स्वतः वहीत काढून आणली होती, सतरा वेळा खोडून. काकांनी त्या डायवर दीड महिना घातला. शिशावर उठलेला तुकडा पाहून सुदर्शनला राहवलं नाही. काका आंघोळीला गेले तेवढ्यात त्याने तुकडा उन्हात धरला, जवळून फोटो घेतला आणि पेजवर टाकला. नियम तो विसरला होता असं नव्हे. पण दुसरा सराफ म्हणजे पडवीत येऊन चहा पिणारा माणूस, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की फोनमधले हजार सराफ त्याला सराफ वाटलेच नाहीत. ते त्याला लाइक वाटले.

धनत्रयोदशीला पंधरा दिवस उरले असताना हसमुखभाई पडवीत आले. खिशातून त्यांनी एक पेंडंट काढून काकांपुढे ठेवलं. तीच फुलं, तीच पानं, पितळेवर सोन्याचं पाणी.

"स्टेशनबाहेरच्या बांगडीच्या गाडीवर मिळते, वासुदेवभाई. दीडशे रुपयाला," ते म्हणाले. "मी झगडायला नाय आलो. फक्त विचारतो. तुमच्याकडून कोणी बघितली काय?"

सुदर्शन चहाचे कप घेऊन दारात उभा होता. आता बोलावं, असं त्याच्या मनात आलं, अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात काका बोलले.

"गणपतीत एक व्यापारी येऊन बसला होता," ते सावकाश म्हणाले. "डबा तेव्हा बाहेर होता की काय… हसमुखभाई, मीच तुकडा दाखवला असेल. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. परवा चष्मा डोळ्यांवर होता आणि मी घरभर शोधत होतो."

हसमुखभाईंनी त्यांचा हात धरला. "उमर होते माणसाची. जाऊ द्या," म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले.

मागच्या दारी जाऊन सुदर्शनने आधी काय केलं असेल, तर ती पोस्ट काढून टाकली. काढताना दोनशे बारा लाइक दिसले आणि ते जाताहेत म्हणून क्षणभर वाईटही वाटलं. या वाईट वाटण्याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काका खिडकीपाशी बसलेच नाहीत. छिन्न्यांना तेल लावून त्यांनी त्या फडक्यात गुंडाळल्या. "डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाने दुसऱ्याची वस्तू हातात धरू नये," एवढंच म्हणाले. काकू त्यांना डहाणूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. काकांनी एकही चूक केली नाही. डोकं ठणठणीत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण घरी आल्यावर म्हणाले, "डॉक्टर चांगला आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलतो."

सुदर्शन रोज ठरवायचा, आज सांगू. मग म्हणायचा, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग त्याने स्वतःला समजावलं, की तसंही काकांचं वय झालंच होतं, विश्रांती बरी. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो! चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचं झालं. काकूंनी नुसतं "सुदर्शन, जरा इकडे ये" म्हटलं तरी तो काहीतरी काम काढून बाहेर पडायचा. फोनकडे तर बघवेना. पेजवर लोक विचारत होते, 'सर, नवीन काम दाखवा.'

एका सकाळी तो किल्ली शोधायला काकांच्या उशाशी गेला, तर तिथे शंभरपानी वही. त्याने उघडली. काकांचं कोरीव अक्षर: 'मोटार बंद केली. मागचं दार लावलं. सकाळची गोळी घेतली.' पानामागून पान तेच. काका स्वतःवर पहारा ठेवत होते. आणि दर पानाच्या तळाशी, रोज, एकच ओळ: 'हसमुखभाईंचा तुकडा कोणाला दाखवला? आठवत नाही.'

सुदर्शन वही घेऊन तसाच अंगणात गेला. काका माडाला पाणी घालत होते.

"काका, तुम्ही नाही दाखवलात. मी दाखवला. फोटो काढून फेसबुकवर टाकला. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

काकांनी पाइप खाली टाकला. "मी नाही?"

"नाही."

"नक्की?"

"मी पोस्ट काढून टाकली, काका. तुम्ही बोललात आणि मी गप्प बसलो."

हे दुसरं वाक्य काकांच्या कानांपर्यंत पोचलंच नसावं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उघडला. "नयना! अगं नयना, मी नव्हतो! माझं डोकं शाबूत आहे!" ते हसत होते, डोळे पुसत होते, आणि त्यांनी चक्क सुदर्शनच्या गळ्यात हात टाकला. शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर सुदर्शनने आनंदाने खाल्ल्या असत्या. ही मिठी त्याला सोसवेना.

दुपारी तो डहाणूला जाऊन हसमुखभाईंपुढे उभा राहिला. सगळं ऐकून ते बराच वेळ तराजू पुसत राहिले.

"वासुदेवभाईला मी कधीच माफ केला होता, दीकरा," ते शेवटी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला माफ करायला काय लागते? तुला कसा करू, ते मला समजत नाय."

तरी आठवड्याने त्यांनी काकांना नवीन काम पाठवलं. काकांनी छिन्न्या सोडल्या आणि ते पुन्हा खिडकीपाशी बसले. टक टक आवाज अंगणापर्यंत येऊ लागला, काकू गुणगुणू लागल्या. सुदर्शनला वाटलं, निभावलं.

तो चहा घेऊन पडवीत गेला. "ये रे," काका नेहमीसारखे म्हणाले, "बस. मुक्ताचा ताप उतरला का?" मुक्ता म्हणजे सुदर्शनची मुलगी. आवाजात राग नव्हता, तिढा नव्हता. फक्त बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि समोरच्या डायवर नीट पसरून ठेवला.

सुदर्शन म्हणाला, "उतरला," आणि कप ठेवायला जागा शोधू लागला.